शेंगदाण्याचे सूप आणि कोल्हापूरची फिर्याद

कोल्हापूरच्या माणसाची एक जुनी आणि रास्त फिर्याद आहे. परगावच्या भोजनगृहांत कोणत्याही भाजीवर लाल तिखटाचा मारा करून तिला ‘व्हेज कोल्हापुरी’ म्हणतात. आणि ज्या नगरीत पांढऱ्या रश्श्याला तांबड्याइतकाच मान आहे, खसखस, तीळ आणि नारळाचे दूध यांचा सौम्य संयोग साधणे हीच जिथे सुगरणपणाची कसोटी समजतात, तिची साऱ्या मुलखात ख्याती होते ती केवळ जहालपणाबद्दल. ही फिर्याद मला सर्वस्वी मान्य आहे. मात्र फिर्यादीने स्वतः तोच गुन्हा करू नये. म्हणून, घानामधले शेंगदाण्याचे सूप आणि सोबत तळलेली केळी असा बेत ज्यांच्या मनात असेल त्यांना माझी विनंती अशी की, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या चटणीची बरणी त्या दिवशी फडताळातच राहू द्यावी.

वस्तुतः हे अन्न आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. मिरची मूळची अमेरिकेची; सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती गिनीच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात रुजली. शेंगदाणाही त्याच खंडाचा, घानातही पाहुणा आणि इथेही. उलट भोगीला आपण जिची तीळ लावून भाकरी करतो ती बाजरी आणि उसळीची चवळी ही पश्चिम आफ्रिकेची देणगी, तर ज्वारी त्या खंडाच्या पूर्व भागातून काही सहस्र वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. केळी मात्र आशियातून तिकडे गेली. हे दफ्तर उघडून देणे कोणाचे आणि येणे कोणाचे ते ठरवू म्हटले, तर निष्णात कारकुनाचीही तारांबळ उडेल.

कृतीत अवघड काही नाही. अवघड आहे तो संयम. कोंबडीचे तुकडे कांदा आणि आले घालून मंद आचेवर शिजवीत असताना त्याच भांड्यात अखंड टोमॅटो आणि मिरच्या सोडाव्यात, त्या मऊ झाल्या की काढून वाटाव्यात आणि पुन्हा त्यातच मिसळाव्यात. भाजलेल्या दाण्यांचे आपले नेहमीचे भरड कूट इथे उपयोगाचे नाही; तेल सुटून लोण्यासारखा गोळा होईपर्यंत दाणे वाटावेत, गरम रश्श्यात सैल करून भांड्यात ओतावेत, आणि तेल वर तरंगू लागेपर्यंत घाई करू नये. उपासाची दाण्याची आमटी करणाऱ्या गृहिणीला हे अर्धे ठाऊकच आहे. खोबरे नाही, गरम मसाला नाही, लसणीची फोडणी नाही. दाण्याचा स्निग्ध, किंचित गोडसर स्वाद हाच त्या सुपाचा धनी, आणि मिरचीने आपली पायरी ओळखून वागावे. ज्या हातांना पांढरा रस्सा साधतो त्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

केळी घ्यावीत ती घाटाखालून येणारी राजेळी, सालीवर काळे डाग पडेपर्यंत पिकलेली. साधे केळे कढईत विरघळून जाते. फोडी तळून तांबूस झाल्या की पुरे. घानात कित्येकजण तळण्यापूर्वी त्यांना आले आणि मिरची चोळतात, आणि ज्याला तिखटाची हौस भागवायचीच असेल त्याने ती तिथे खुशाल भागवावी.

तिकडे सूप म्हणजे जेवणापूर्वीची औपचारिकता नव्हे. ते मुख्य अन्न आहे. साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद आणि कच्ची केळी उकडून उखळात कांडलेला लवचीक गोळा त्यात बुडवून हाताने खातात. एवढे कांडण आज कोणी करील असे वाटत नाही, आणि तशी सक्तीही नाही. या सुपाबरोबर मऊ भाताचे गोळे घेण्याचा रिवाज खुद्द घानात आहे. तांदूळ मात्र साधाच, गिच्च शिजणारा असावा. आजऱ्याचा घनसाळ त्यापायी खर्ची घालणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी, कारण त्याचा सुगंध दाण्यापुढे टिकणार नाही.