रंगाचा टवका आणि पावसाळ्याआधीची एक दुपार

गाडीच्या बॉनेटवर वाटाण्याएवढा टवका उडाला की घरात दोन मते पडतात. एक म्हणते, एवढ्याशाने काय होते? दुसरे म्हणते, सबंध बॉनेटच रंगवून घेऊ. आमच्या मते या दोन्हींच्या मधला रस्ता स्वस्तही आहे आणि शहाणपणाचाही.

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा हे थर सहज फोडतो आणि पत्रा उघडा पडतो. मग ओल लागते आणि गंज धरतो. हा गंज शेजारच्या चांगल्या रंगाखालूनही पसरतो. किनाऱ्यावरच्या गावांत हवेतच मीठ असते, तिथे हे आणखी लवकर होते. अब्बांना दवाखान्यात न्यायला आणि मुलांना शाळेत सोडायला जी एकच गाडी दारात आहे, तिचा पत्रा आपणच सांभाळायला हवा.

आधी टवका नीट पाहा. बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. तिथे घाई नको. ओरखड्यात नख अडकत नसेल तर तो वरच्या थरापुरताच असतो, पॉलिशने भागते. पत्रा दिसत असेल तर मात्र पावसाळ्याआधी काम उरका.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली शोधा. ‘पांढरा’ एवढे सांगून रंग आणू नका, पांढऱ्याच्याही अनेक छटा असतात. त्या कोडची टचअपची छोटी बाटली आणा. नेलपॉलिशने काम चालवू नका. छटा जुळत नाही आणि ते टिकतही नाही.

कोरडा दिवस आणि सावलीतली जागा निवडा. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या, मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा. नेलपॉलिश काढायचे द्रव वापरू नका, ते चांगला रंगही विरघळवते. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या टोकाला चिकटवून तेवढीच जागा घासा. पत्रा स्वच्छ दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंजावर रंग लावला तर गंज आत वाढतच राहतो.

उघड्या पत्र्यावर प्रायमरचा थेंब टूथपिकने लावा. तो वाळला की बाटली चांगली हलवून रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या. किती वेळ, ते बाटलीवर लिहिलेले असते. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि सुरकुततो. शेवटी क्लिअर कोट. काही दिवस तिथे मेण-पॉलिश लावू नका. या वस्तू ज्वालाग्राही आहेत. स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून दूर ठेवा.

जवळून पाहिले तर ठिपका दिसेलच. दिसू द्या, आपल्याला पत्रा वाचवायचा आहे. दाराखालच्या कडेला पत्रा कुजून बोट दाबल्यावर आत जात असेल, तर ते घरचे काम नव्हे, गॅरेजमध्येच दाखवा. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके असतात, ती रंगाने बुजवू नका.

एक गोष्ट व्यवहाराची. गाडी विकायची वेळ आली तर कुठे टचअप केले आहे आणि कुठे गंज होता, ते घेणाऱ्याला आपणहून दाखवा. रंग पत्रा राखण्यासाठी लावायचा, ऐब झाकण्यासाठी नव्हे. दोन-चार हजार कमी आले तरी चालतील. घेणाऱ्याच्या घरातलीही माणसे त्याच गाडीत बसणार आहेत.