'ड्रॉप' घ्यावा की बी.एस्सी. करावी?

'नीट'चा निकाल लागला की धनजसारख्या गावातही तोच विषय घरोघरी निघतो. ताप-खोकल्याच्या निमित्ताने आलेले पालक जाता जाता हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोराचा नंबर नाही लागला. बी.एस्सी.ला टाकू की अजून एक ड्रॉप घेऊ देऊ? आणि कोणता विषय घेतला म्हणजे पुढे मेडिकलला फायदा होईल?" हा प्रश्न नुसता शिक्षणाचा नाही, मुलांच्या तब्येतीचाही आहे. म्हणून आज या सदरात त्यावरच लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे बी.एस्सी.च्या कोणत्याही विषयाने मेडिकलचा किंवा डेंटलचा दरवाजा उघडत नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि नंतर चार वर्षे मेडिकल, अशी पद्धत आहे. तिथे पदवीच्या काळात कोणते अभ्यासक्रम घेतले याला महत्त्व आहे. आपल्याकडे मात्र 'नीट'चे ७२० गुणच काय ते मोजले जातात. त्यांपैकी ३६० जीवशास्त्राचे, १८० भौतिकशास्त्राचे आणि १८० रसायनशास्त्राचे, आणि अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्रात पहिला आला तरी 'नीट'मध्ये त्याचा एकही गुण वाढत नाही. प्रवेश मिळालाच तर एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे किंवा बी.डी.एस.ची पाच वर्षे पहिल्यापासूनच करावी लागतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांवर मुलांनी 'नीट' दिली. एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा मुलांमागे एक जागा. वाशीमला २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आपल्या जिल्ह्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. पण म्हणून सतरा मुलांचा प्रश्न सुटत नाही. ही सतरा मुले नालायक नसतात. जागाच नसतात!

आता माझे मत स्पष्ट सांगतो. पहिला प्रयत्न थोडक्यात हुकला असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक ड्रॉप जरूर घ्यावा. दुसरा ड्रॉप मात्र हातात कुठला तरी प्रवेश असल्याशिवाय घेऊ नये. 'नीट'ला वयाची वरची अट आता राहिलेली नाही, प्रयत्नांवरही बंधन नाही. ही सवलत चांगली, पण तिच्यामुळेच काही घरांत तीन-तीन, चार-चार वर्षे निघून जातात. सोयाबीन विकून लातूरची किंवा कोट्याची फी भरली जाते, आणि प्रत्येक हप्त्याबरोबर पोराच्या छातीवरचा दगड जड होत जातो.

हा दगड मला तपासणीच्या टेबलावर दिसतो. रात्री तीनपर्यंत जागरण, चहावर चहा, सतत डोकेदुखी, ॲसिडिटी, मुलींची पाळी मागेपुढे होणे. पुढे लग्नकार्याला जाणे बंद, मित्रांचा फोन उचलणे बंद. या गोष्टींना आळस किंवा नाटक म्हणू नका. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, मूल गप्प गप्प राहू लागले तर डॉक्टरांना दाखवा. "मी नसलो तर बरं" असे एकदा जरी बोलले तरी दोन आठवड्यांची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन या. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत असून चोवीस तास चालू असतो.

काही पालक म्हणतात, कॉलेजात नाव घातले की लक्ष उडते. थोडेफार उडतही असेल. पण कॉलेजात जाणारे मूल चार माणसांत बसते, प्रयोगशाळेत हाताने काम करते, वर्षाच्या शेवटी काहीतरी पास झालेले असते. खोलीत एकट्याने पुस्तकात डोके घालून बसणाऱ्याला हे मिळत नाही.

मग विषय कोणता? मेडिकलला उपयोगी पडेल म्हणून नव्हे, स्वतःच्या पायावर उभा करील असा घ्यावा. रसायनशास्त्राला औषध कंपन्यांत आणि शिक्षकी पेशात मागणी आहे. सूक्ष्मजीवशास्त्र दूध, अन्न आणि तपासणीच्या प्रयोगशाळांकडे नेते. वनस्पती आणि प्राणिशास्त्रातून वनसेवेच्या परीक्षेची वाट आहे. आता पदवीला 'मेजर' आणि 'मायनर' असे विषय असतात, तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात नीट चौकशी करा. शिवाय बी.फार्म., नर्सिंग, फिजिओथेरपी, पशुवैद्यक, कृषी हेही आहेतच. यातले कुठलेही शिक्षण कमी दर्जाचे नाही. आमचा दवाखाना परिचारिका आणि औषधविक्रेत्यांवाचून एक दिवससुद्धा चालणार नाही.

यंदा अकरावीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. गणित झेपत असेल तर जीवशास्त्राबरोबर तेही ठेवा. चार वाटा उघड्या राहिलेल्या बऱ्या.

पालकहो, प्रवेशाच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून एकच विचारा, "बेटा, मेडिकल या जगात नसतंच, तर तू काय शिकला असतास?" उत्तर द्यायला त्याला दोन दिवस लागले तरी चालतील. पण उत्तर त्याचे असू द्या, शेजाऱ्याचे नको.