नऊ इंच आणि अकरा खांब

ज्याला शेजाऱ्याशी भांडायचं आहे पण भांडायला सवड नाही, त्यानं खुशाल कुंपण घालावं. आपण झोपलो तरी ते उभं राहून भांडत असतं. हे मी ऐकीव सांगत नाही. गेली 3 वर्षं माझ्या परसात 60 फूट लांब आणि 5 फूट उंच असा लाकडी पुरावा उभा आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो. आमच्या वसाहतीतली घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. माझं फाटक एका गल्लीत, मागच्या नानांचं दुसऱ्या. मधे मेंदी होती आणि मेंदीत एक भगदाड होतं. ते कोणी पाडलं याची कुठे नोंद नाही. आमची आई आणि नानांकडच्या काकू वाट्या घेऊन जाता-येता ते आपोआप रुंद झालं. इकडून विरजण जायचं, तिकडून अळूवडी यायची. आमच्या बँकेच्या भाषेत ते चालू खातं होतं, आणि 20 वर्षांत कोणी कोणाकडे पासबुक भरून मागितलं नव्हतं.

हे खातं गोठवलं आमच्या साडूंनी. चहा पिता पिता परसाकडे बघून म्हणाले, "मेंदी तुमच्या बाजूला सरकतेय बरं का! 12 वर्षं गप्प बसलात की जागा त्यांची. कायदाच आहे तसा."

आता कायदा आहे, खोटं कशाला बोला. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात 12 वर्षांचा हिशेब आहे. पण त्यासाठी समोरच्यानं मूळ मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे आणि सलग ताबा ठेवावा लागतो. नानांनी काय झुगारलं होतं? फार तर आमच्याकडचा कमी साखरेचा चहा. पण रात्री दोन वाजता माणसाला कलमं आठवतात, पोटकलमं आठवत नाहीत.

मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरली. शेजारी म्हणून नानांना रीतसर नोटीस गेली. भगदाडातून हाक मारली असती तर 11 पावलांवर असलेला माणूस, त्याला मी सरकारी कागदानं बोलावलं! भूकरमापक आले, यंत्र लावलं, खुणा केल्या. निकाल असा लागला की मेंदी खरोखरच 9 इंच सरकलेली होती. पण नानांच्या हद्दीत. म्हणजे अतिक्रमण आमचंच! नाना म्हणाले, "असू दे रे, मेंदीला कुठे आकडे कळतात?"

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी बी. कॉम. असल्यामुळे थांबलो नाही. चुकीची नोंद सापडली की ती दुरुस्त करायची, ही आमची शिकवण. मेंदी उपटली आणि हद्दीच्या आत लाकडी कुंपण घातलं. दर 6 फुटांवर एक असे निलगिरीचे 11 खांब, प्रत्येक 2 फूट जमिनीत. खालच्या टोकांना डांबर, वर वखारीतल्या फळ्या. वारा लागावा म्हणून मिस्त्रीनं दोन फळ्यांत एकेक इंचाची फट ठेवली.

आता ताळेबंद पाहा. 9 इंच गुणिले 60 फूट म्हणजे 45 चौरस फूट. गुंठा असतो 1,089 चौरस फुटांचा. म्हणजे गुंठ्याचा साधारण चोविसावा भाग. एवढ्या पट्टीत लसणाची एक ओळ येते, आणि तीसुद्धा आता नानांच्या बाजूला! उलट खर्चात माझा बोनस गेला. शिवाय घसारा आहेच. लाकूड कुजतं ते मातीच्या वर-खाली, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे. वाळवीही मातीतूनच चढते. घटत्या बाकीच्या पद्धतीनं घसारा काढला तर मालमत्ता कधी शून्यावर येत नाही, असं आम्हांला कॉलेजात शिकवलं. वाळवी कॉलेजात गेलेली नाही.

तरीही मी हे सगळं नावे टाकून गप्प बसलो असतो. पण गेल्या जुलैत एका संध्याकाळी काकूंची हाक आली. शेवाळावरून पाय घसरून नाना परसात पडले होते. मी धावत कुंपणापाशी गेलो. त्या एक इंचाच्या फटीतून मला नाना अगदी स्पष्ट दिसत होते, फक्त हात देता येत नव्हता. चढायला गेलो तर फळी करकरली. शेवटी गल्ली, कोपरा, दुसरी गल्ली असा पावसातून धावत त्यांच्या फाटकात पोचलो. नाना चिखलात बसून होते, पाय सुजला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "मजबूत झालंय हो तुझं कुंपण."

टोमणा नव्हता तो. म्हणूनच लागला.

तुम्ही म्हणाल, हद्द नको का? हवी ना! गुरं येतात, कुत्री येतात, उद्या वारसही येतात. मोजणी करा, दगड पुरा, नकाशा कपाटात ठेवा. दगड आपली जागा सांगतो आणि गप्प बसतो. पण "कुंपण स्पष्ट तर संबंध स्पष्ट" असं सांगणाऱ्यांना माझा सवाल आहे : संबंध इतके स्पष्ट करून त्यांचं करायचं काय? मी रोज काउंटरच्या काचेआडून लोकांशी अत्यंत स्पष्ट संबंध ठेवतो. त्यांतलं कोणी अजून अळूवडी आणून दिलेली नाही.

नानांचा पाय प्लॅस्टरमधून सुटला त्या रविवारी मी 5 फळ्या काढायला बसलो. 4 काढल्या. पाचवी हात लावताच खाली आली. वाळवीनं माझ्या आधीच निर्णय घेतला होता. दुपारी त्या वाटेनं काकू वाटी घेऊन आल्या आणि 3 वर्षं मधे गेलीच नाहीत अशा सुरात विरजण मागू लागल्या.

पुढच्या महिन्यात साडू यायचे आहेत. भगदाड बघून विचारतीलच. वाळवी लागली म्हणून सांगणार आहे. कुणाला लागली होती, ते त्यांनी विचारू नये म्हणजे झालं.