अहवालात न आलेले पान

परीक्षेचे पेपर तपासून झाले, की छोट्या कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या वाट्याला एक काम हमखास येते : वार्षिक अहवाल. जूनमधले प्रवेश, सप्टेंबरातला मुक्तिदिन, युवक महोत्सवातले ढाल-करंडक, स्नेहसंमेलन, निकालाची टक्केवारी. आमच्या बीदरकडच्या कॉलेजाचा अहवाल मी कित्येक वर्षे लिहितो आहे. नावे आणि आकडे बदलले की झाला नवा अहवाल!

या वर्षी हा मजकूर जुळवताना मला हैदराबादची विवेकवर्धिनी आठवत राहिली. आपल्याकडच्या अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात हे नाव असायचे. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामन नाईक या मंडळींनी ही मराठी शाळा उभी केली. राज्यकारभार उर्दूत चालणाऱ्या निजामी राजवटीत आपल्या भाषेची शाळा काढायची, ही साधी गोष्ट नव्हती. कोरटकर मूळचे वसमतजवळच्या पुरजळचे. वकिलीची सुरुवात त्यांनी गुलबर्ग्यात केली. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालयही १९०७ चेच आणि त्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. म्हणजे कानडी मुलखातल्या आणि तेलुगू मुलखातल्या मराठी शाळांचा जन्म एकाच वर्षातला.

पुढे विवेकवर्धिनीचे कॉलेज झाले. कोठीजवळ जामबागेत ते आहे आणि उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले आहे. आज हैदराबादच्या कुठल्याही कॉलेजच्या आवारात कानावर पडते ती तेलुगू आणि ‘हौ’, ‘नक्को’वाली दख्खनी. पावसाळा सरला की मुली बतुकम्माची फुले रचतात. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन होते. एकाच दिवसाला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणतात, आपल्याकडे कल्याण कर्नाटक उत्सव दिन, आणि तेलंगणात तर सरकारागणिक नाव बदलते! असो.

मला सांगायची आहे ती गोष्ट १९२१ च्या नोव्हेंबरातली. विवेकवर्धिनीच्या रंगमंदिरात निजाम राज्याची सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. पाच वर्षांपूर्वीच, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले होते. कुठल्याही संस्थेने अहवालात ठळक अक्षरांत छापावा असा प्रसंग. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठी, कानडी अशी चालली होती. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहात गलका झाला, हुर्यो उडवली गेली. त्यांना बोलू दिले नाही.

वाचकहो, निजामाच्या राज्यात जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी होती. मराठी साधारण चौथा हिस्सा, कानडी त्याच्याही निम्मी. स्वतःच्या भाषेसाठी पदरमोड करून शाळा काढणाऱ्यांच्या आवारात, सुधारणेच्या परिषदेत, यजमान शहराच्या भाषेला हुर्यो! शिकलेल्या माणसांची ही गोष्ट मला फार बोचते. कोणी म्हणेल, काळच तसा होता. मला ते पटत नाही. उर्दूपुढे आपली भाषा दबते याचा सल त्या सभेतल्या मराठी माणसांना नक्की ठाऊक होता.

त्याच रात्री काही तेलुगू मंडळी टेकमाल रंगाराव यांच्या घरी जमली आणि ‘आंध्र जनसंघ’ स्थापन झाला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली; तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेटला झाले. वाचनालये, शाळा, शेतकऱ्यांचे प्रश्न, असे तिचे काम पसरत गेले. मराठी मंडळींची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली, ती त्यानंतर. भाषेच्या अपमानातून माणसे संघटित होतात हे तेलुगूंनी आपल्याआधी दाखवून दिले, आणि त्याचे निमित्त आपणच पुरवले. तेलुगू इतिहासकार ही हकिकत आवर्जून लिहितात. आपल्या गौरवग्रंथांत मात्र कर्वे येऊन गेले, एवढ्यावर भागते.

हे सारे मी यंदा वर्गात सांगितले. माझ्या वर्गातली निम्मी मुले घरी कानडी बोलतात, निबंध लिहिताना हळूच विचारतात, “सर, इदु मराठियल्लि हेंग हेळबेकु?” आपल्या घरांत आजी मराठी आणि सून कानडी, त्यामुळे दोन भाषांचे आपल्याला ओझे वाटत नाही. स्नेहसंमेलनातल्या वक्तृत्व स्पर्धेचा नियमही तसाच उदार : मराठी किंवा कन्नड. हा नियम लिहिताना आम्हाला केवढी धन्यता वाटली होती!

तास संपल्यावर तांड्यावरून येणारी एक मुलगी टेबलाशी थांबली. म्हणाली, “सर, मी लंबाणीत बोलले तर चालेल का?”

नियमात बसत नव्हते. समितीतल्या दोघांनी नाक मुरडले; गुण कसे द्यायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी आमच्या ऑफिसातले शिपाईमामा, जे स्वतः तांड्यावरचे, त्यांना परीक्षकांच्या शेजारी खुर्ची दिली. ती सात मिनिटे बोलली. विषय होता आईचे ऊसतोडीचे सहा महिने. मामांनी पहिली दोन वाक्ये आम्हाला समजावून सांगितली, आणि मग सांगायचे विसरून ऐकतच राहिले.