‘जुना कान्ये’ नावाची सोयीस्कर दंतकथा

कान्ये वेस्टचा विषय निघाला की चाहत्यांच्या ओठी एक वाक्य ठरलेले असते: जुना कान्ये निराळा होता. हे वाक्य इतके रुळले की २०१६ मध्ये त्याने स्वतःच एका गाण्यात त्याची टिंगल केली. या कथेत दोन माणसे आहेत. एक शिकागोचा बुद्धिमान, हट्टी, आईवेडा मुलगा; दुसरा कायदेशीर नाव बदलून ‘ये’ झालेला, हिटलरचे गोडवे गाणारा गृहस्थ. पहिल्यावर प्रेम करावे, दुसऱ्याला आजाराच्या खाती टाकून मोकळे व्हावे, अशी ही वाटणी. तिने मनाला आराम मिळतो. इतिहास म्हणून ती टिकत नाही, आणि का टिकत नाही हे मांडण्यासाठीच हा थ्रेड.

प्रथम त्याच्या प्रभावाविषयी. कारण संतापाच्या भरात तो नाकारणारेही कमी नाहीत. ११ सप्टेंबर २००१, म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले त्याच दिवशी, जे-झीचा ‘द ब्ल्यूप्रिंट’ हा अल्बम बाजारात आला. त्यातील अनेक गाण्यांचे संगीत चोवीस वर्षांच्या वेस्टचे होते. त्याची युक्ती ऐकायला साधी. जुन्या सोल गाण्याचा एखादा तुकडा घ्यायचा, त्याची गती वाढवायची, म्हणजे गायकाचा आवाज चढा आणि बालिश होतो. मग त्या विव्हळ सुराखाली नवा ताल बसवायचा. ही युक्ती त्याने शोधलेली नव्हती. वू-टँग क्लॅनचा रिझा हे नव्वदच्या दशकात करत होता, आणि शिकागोचा नो आय.डी. हा तर वेस्टचा प्रत्यक्ष गुरू. वेस्टने त्या युक्तीला मुख्य प्रवाहाची बोली बनवले, हे त्याचे श्रेय.

रॉक-अ-फेला कंपनीला तो संगीतकार म्हणून हवा होता, रॅपर म्हणून नको होता. आई डॉन्डा वेस्ट इंग्रजीच्या प्राध्यापिका. अशा घरातल्या मुलाच्या तोंडी गुन्हेगारीच्या गोष्टी शोभणार कशा, आणि त्या नसतील तर विकणार काय, हा त्या काळचा व्यापारी हिशेब होता. २३ ऑक्टोबर २००२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात त्याचा जबडा मोडला. तारांनी बांधलेल्या जबड्यानेच त्याने ‘थ्रू द वायर’ ध्वनिमुद्रित केले. २००४ मध्ये ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ आला आणि मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय मुलाची भीती, श्रद्धा, हौस आणि न्यूनगंड हाही रॅपचा विषय ठरला. ११ सप्टेंबर २००७ रोजी त्याचा ‘ग्रॅज्युएशन’ आणि फिफ्टी सेंटचा ‘कर्टिस’ एकाच दिवशी समोरासमोर उभे राहिले. अमेरिकेतील पहिल्या आठवड्याची विक्री: वेस्ट सुमारे ९,५७,०००, फिफ्टी सेंट सुमारे ६,९१,०००. बंदुकीच्या गोळ्यांचे व्रण मिरवणाऱ्या रॅपची सद्दी उतरणीला लागली, ती खूण म्हणून इतिहासकार याच आठवड्याकडे बोट दाखवतात.

त्याच नोव्हेंबरात शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत डॉन्डा वेस्ट गेल्या. वर्षभराने आलेला ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ हा अल्बम जवळजवळ गायलेला आहे. ऑटो-ट्यूनने थंड केलेला आवाज, आणि रोलँड कंपनीचे १९८० चे टीआर-८०८ हे तालयंत्र, जे बाजारात अपयशी ठरून काही वर्षांत बंद पडले होते. समीक्षक बुचकळ्यात पडले. काही महिन्यांतच कॅनडातील ड्रेक नावाच्या तरुणाने आपल्या मिक्सटेपमध्ये त्याच अल्बमच्या एका संगीतावर आपले शब्द बसवले. आज रॅपर गातो, रडतो, एकटेपणाची कबुली देतो, याचे कोणाला नवल वाटत नाही. ते नवल संपवण्यात या अल्बमचा वाटा मोठा. इथेही किड कडी सोबत होता, आणि ऑटो-ट्यूनची वाट टी-पेनने आधीच मळलेली होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

हे राहून जाणे हाच खरा रोग. वेस्टच्या चाहत्यांनी आत्मविश्वासाचा एक पंथ उभारला आहे. त्याने स्वतःवर विश्वास ठेवला, जग हसले, शेवटी जग झुकले, असे त्याचे पुराण. हा पंथ कारण आणि सोबत येणारी गोष्ट यांची गल्लत करतो. आत्मविश्वासाने दार उघडले, हे मान्य. खोलीत जे घडले ते मात्र खोलीतल्या माणसांनी घडवले. २००५ चा ‘लेट रजिस्ट्रेशन’ त्याने जॉन ब्रायनसोबत केला, जो चित्रपटांना पार्श्वसंगीत देणारा आणि रॅपमध्ये नवखा होता. २०१० च्या ‘माय ब्यूटिफुल डार्क ट्विस्टेड फँटसी’साठी होनोलुलूच्या स्टुडिओत गायक-वादकांचा अख्खा जथा मुक्कामाला होता. २०१३ चा ‘यीझस’ प्रकाशनाच्या तोंडावर रिक रुबिनने छाटून सडसडीत केला. ‘हे काढून टाक’ म्हणणारा माणूस शेजारी असेपर्यंत त्या अहंकारातून कला निपजत होती. रुबिन ज्यू आहे, आणि वेस्टचे रेकॉर्ड ज्या डेफ जॅमच्या छत्राखाली निघाले त्या कंपनीचा सहसंस्थापकही तोच, हे पुढील प्रसंगांसाठी ध्यानात असू द्यावे.

बढाई हा प्रकार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेत जुना आहे. ज्याला समाज रोज ‘तू कोणी नाहीस’ असे बजावतो, त्याने ‘मी सर्वश्रेष्ठ’ म्हणणे हा प्रतिकार असतो. मुहम्मद अलीच्या बढाईला जग आज आदराने आठवते, पण १९६७ मध्ये लष्करी भरती नाकारल्याबद्दल त्याचे विजेतेपद गेले आणि ऐन उमेदीची तीनहून अधिक वर्षे तो लढू शकला नाही, ही त्या बढाईची किंमतही आठवावी. वेस्टच्याही आयुष्यात असा एक क्षण आहे. सप्टेंबर २००५ मध्ये कट्रीना वादळग्रस्तांसाठीच्या थेट प्रक्षेपणात लिहून दिलेला मजकूर सोडून त्याने, राष्ट्राध्यक्ष बुश यांना कृष्णवर्णीयांची पर्वा नाही, असे जाहीरपणे सांगितले. न्यू ऑर्लिन्समध्ये पाण्यात अडकलेल्या, ज्यांच्यापुढे कोणी माइक धरत नव्हते, त्यांच्या वतीने तो बोलला.

मे २०१८ मध्ये तोच माणूस टीएमझी या वृत्तसंस्थेच्या कार्यालयात म्हणाला की चारशे वर्षांची गुलामी ही निवडच वाटते. तिथल्याच व्हॅन लॅथन या कर्मचाऱ्याने त्याला तोंडावर सुनावले, आणि त्या दिवशीची इभ्रत लॅथननेच राखली. इतिहासाच्या वाचकाने तर हे विधान क्षणभरही सहन करू नये. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनातील स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पुढल्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. १८११ मध्ये लुइझियानात, १८३१ मध्ये नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली व्हर्जिनियात लोक उठले आणि चिरडले गेले. १८५० च्या कायद्याने पळून उत्तरेत पोहोचलेल्यालाही पकडून परत पाठवण्याची सोय केली. ज्या व्यवस्थेला इतके कायदे आणि इतके फास लागले, तिला निवड म्हणणे म्हणजे मेलेल्यांच्या अंगावर आपला आत्मविश्वास फेकणे होय. स्वर तोच, हट्ट तोच; फक्त आता तो दुर्बलांवर उगारलेला होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पाळी ज्यूंची आली. आधी ट्विटरवर उघड धमकी, मग मुलाखतींत ‘ज्यूंच्या हातात सर्व माध्यमे’ हा घासलेला आरोप, १ डिसेंबरला ॲलेक्स जोन्सच्या कार्यक्रमात हिटलरची स्तुती. दरम्यान लॉस एंजेलिसच्या महामार्गावरील पुलावर काही जणांनी त्याच्या मताला दुजोरा देणारा फलक लावून नाझी पद्धतीने हात उंचावले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने हिब्रू भाषेत माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मागे घेतली, स्वतःला नाझी म्हणवले आणि स्वस्तिक छापलेला शर्ट विकायला काढला.

इथे चाहते द्विध्रुवीय मनोविकाराचा दाखला काढतात. आजार खरा आहे, त्याने तो २०१८ मध्येच जाहीर केला, आणि त्याची चेष्टा करणारे निंद्यच. परंतु उन्मादाचा झटका आवाज चढवतो, संयम सोडायला लावतो. ज्यू जगाचा पैसा चालवतात हा सिद्धान्त तो मेंदूत रचत नाही. तो सिद्धान्त आयता मिळतो. १९०३ मध्ये रशियात छापल्या गेलेल्या ‘प्रोटोकॉल्स’ या बनावट दस्तऐवजात तो आहे, आणि लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये ती बनवेगिरी उघड केल्यानंतरही तो विकला जातो. हा आजार असलेले लाखो लोक कोणाचाही द्वेष न करता जगतात. त्यांच्या माथी हिटलरभक्ती मारणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

अमेरिकेत याचा एक जुना नमुना आहे, आणि तो संगीतातला नाही. हेन्री फोर्ड: स्वतःच्या बुद्धीवर अपार भरवसा असलेला, जगाची चाल बदलणारा कारखानदार. १९२० पासून त्याच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेन्डन्ट’ या साप्ताहिकाने त्याच ‘प्रोटोकॉल्स’च्या आधारे ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली. खटल्याचे लचांड मागे लागल्यावर १९२७ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली. १९३८ मध्ये, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्याने हिटलरच्या सरकारचे पदक स्वीकारले. फोर्डच्या जुळणी-रांगेशिवाय विसाव्या शतकाचा इतिहास लिहिता येत नाही, आणि त्या साप्ताहिकाशिवायही येत नाही. ‘जुना फोर्ड चांगला होता’ असे कोणी म्हणत नाही, कारण फोर्डच्या मोटारी ऐकत कोणाचे तारुण्य गेलेले नाही.

‘जुना कान्ये’ मानणाऱ्यांनी एक तारीख तपासावी. न्यूयॉर्क टाइम्सच्या २०२३ मधील शोधवृत्तानुसार, २०१३ मध्ये जर्मनीत आदिदासच्या मुख्यालयात झालेल्या पहिल्याच बैठकीत बुटाच्या रेखाटनावर वेस्टने स्वस्तिक काढले. म्हणजे ‘यीझस’चे वर्ष, चाहत्यांच्या सुवर्णकाळातले. खोलीतल्या जर्मनांना धक्का बसला, तरीही करार झाला. या कंपनीचा संस्थापक आदि डासलर १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झालेला होता. तिथल्या लोकांना त्या चिन्हाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २०२२ च्या धमकीनंतरही संबंध तोडायला कंपनीने दोन आठवड्यांहून अधिक काळ घेतला. गोदामात पडलेले यीझी बूट मे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा विक्रीला आले, मिळकतीचा काही भाग द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना देण्यात आला, आणि गिऱ्हाइकांची वाण पडली नाही.