दोन टक्क्यांचा धडा आणि कापसाचा भाव



मॅनेजमेंटच्या मोठ्या कॉलेजांत हल्ली एक विषय मानाने शिकवला जातो. ‘शाश्वतता’ आणि ‘सामाजिक परिणाम’ अशी त्याची नावे. धंदा करताना जमीन-पाणी टिकले पाहिजे, समाजाचे भले झाले पाहिजे, असे उद्याच्या साहेबांना शिकवायचे. यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपला कापूस कोणत्या भावाने घ्यायचा, आयात खुली करा म्हणून दिल्लीला कधी निवेदन द्यायचे, हे ठरवणारी बरीच माणसे याच वर्गांतून बाहेर पडतात. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, म्हणजे हा वर्ग आता कपाशीच्या मुलखातच भरतो. शिवाय कर्ज काढून आपलीही पोरे-पोरी अशा कॉलेजांत जाऊ लागली आहेत. म्हणून तिथे काय शिकवतात, हे आपण विचारलेच पाहिजे.

मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली ठणकावून लिहिले, की कायदा पाळून नफा वाढवणे एवढीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. पुढे वारे फिरले. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने मॅनेजमेंटच्या कॉलेजांसाठी जबाबदार शिक्षणाची तत्त्वे ठरली. आपल्याकडे २०१३ चा कंपनी कायदा आला. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे त्याचे कलम १३५ सांगते. तेव्हापासून हे दोन टक्के कुठे आणि कसे खर्चावेत, हा शिकवण्याचा विषय झाला.

आम्ही साधा हिशेब मांडतो. समजा, एखाद्या कंपनीला कापसाच्या धंद्यात क्विंटलमागे ५०० रुपये निव्वळ नफा झाला. त्याचे दोन टक्के म्हणजे १० रुपये. त्याच हंगामात शेतकऱ्याने हमीभावापेक्षा ५०० रुपये कमी घेऊन कापूस घातला. त्याच्या घरातून ५०० गेले आणि गावात १० रुपयांचे समाजकार्य आले. शाळेला रंग मिळाला, पाटी लागली, फोटो निघाला. त्या ४९० रुपयांचा धडा कोणत्या वर्गात शिकवतात?

शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या जबाबदारीचा अहवाल सेबीच्या नमुन्यात द्यावा लागतो. लहान उत्पादकांकडून किती टक्के माल घेतला, हे त्यात विचारतात. त्या मालाच्या भावात उत्पादन खर्च निघाला का, हा रकाना नाही. जो रकानाच नाही, तो भरायला पोरांना कोण शिकवणार?

या कॉलेजांत चांगले काही शिकवतच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. २००० साली आयटीसीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच शेतकऱ्याकडे कॉम्प्युटर ठेवला. गाडी जुंपण्याआधी भाव कळू लागला, कंपनीच्या केंद्रावर काट्याचे वजन चोख मिळू लागले. हा दाखला जगभर शिकवला जातो. कंपनीने ते दान म्हणून केले नाही. मधला खर्च वाचला म्हणून केले, आणि म्हणूनच ते आम्हाला पटते. समाजाचे भले व्यवहारातच व्हावे, व्यवहारात ओरबाडून मग देणगीत नको. सी. के. प्रल्हाद यांच्या २००४ च्या गाजलेल्या पुस्तकात हा दाखला आहे. गरिबाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहा, असा त्या पुस्तकाचा रोख. आमचे म्हणणे, कोरडवाहू शेतकरी आधी विक्रेता आहे, गिऱ्हाईक नंतर. आधी त्याचा माल नीट घ्या, मग त्याला साबण विका.

‘शाश्वत’ या शब्दाचेही तसेच. ज्वारीइतके शाश्वत पीक कोणते? कमी पाण्यात येते, माणसाला भाकर देते, जनावराला कडबा देते. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. तरी महाराष्ट्रात ज्वारीचा पेरा वर्षानुवर्षे घटत आला. का? सरकारने खरेदी केली गव्हाची आणि तांदळाची. पंजाबात भाताने जमिनीतले पाणी खोल नेले, आणि इकडे पाणी वाचवणारी ज्वारी शेतातून गेली. शेतकऱ्याला शाश्वतता कळत नव्हती असे नाही. ज्या पिकात घर चालत नाही, ते पीक टिकत नाही.

या वर्गांत शिकवतात, की मालकाने घातलेल्या स्वतःच्या भांडवलालाही किंमत असते, ती खर्चात धरा. अगदी बरोबर. मग शेतीला हा नियम का नाही? सरकार खर्चाच्या दीडपट हमीभाव म्हणते, तेव्हा हाताबाहेर गेलेला खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढेच धरते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरणारा ‘सी२’ खर्च कृषिमूल्य आयोगच काढतो, पण दीडपट करताना तो बाजूला राहतो.

खरी परीक्षा बाजारात होते. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात बंद केली. ओरड झाल्यावर काही दिवसांत ती उठवावी लागली. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, नेमके वेचणीच्या तोंडावर. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा ८११० रुपये जाहीर झालेला होता. भाव चढला की निर्यातीचे दार बंद, आपला माल निघायची वेळ आली की आयातीचे दार उघडे. याचा ‘सामाजिक परिणाम’ किती, हा प्रश्न परीक्षेत घाला. उत्तर लिहायला गिरणीवाल्याच्या आणि शेतकऱ्याच्या, अशा दोन्ही वह्या पोरांपुढे ठेवा.

मॅनेजमेंटच्या कॉलेजांकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे. पाच एकर कोरडवाहू शेतीचा पुरा ताळेबंद, घरची मजुरी, व्याज आणि पाऊस दगा देणारे वर्ष धरून, प्रत्येक विद्यार्थ्याकडून मांडून घ्या. कंपनीच्या समाजकार्याला गुण देण्याआधी तिने कच्चा माल काय भावाने घेतला ते विचारा. आणि गाव पाहायला पोरे पाठवाल, तर ती कापसाच्या गाडीबरोबर रांगेत उभी करा.

आपल्याकडूनही एक काम व्हायला हवे. अशी पोरे फॉर्म घेऊन गावात आली, तर चहा पाजून आणि सह्या करून वाटेला लावू नका. त्यांना ओसरीवर बसवा. बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी, वेचाई, हमाली, सगळे आकडे सांगा आणि बेरीज त्यांनाच करू द्या. त्यासाठी आधी आपल्या घरी वही हवी. येत्या हंगामापासून प्रत्येक गावात निदान पाच घरांनी ती ठेवावी आणि जिल्हा बैठकीला आणावी. आपल्या मालाचा खर्च आपणच लिहिला नाही, तर तो दुसरे कोणी लिहील, आणि कमीच लिहील.