तपासणीच्या तारखेची किंमत कोण मोजतो?

जालना जिल्ह्यातल्या दिव्यांग माणसाची बस सवलत, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, नोकरीतले आरक्षण हे सारे एका प्रमाणपत्रावर अडते. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. ते टक्के ठरवतात डॉक्टर, आणि त्यांच्यापुढे उभे राहायला तारीख लागते. २०१७च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४च्या दुरुस्तीने ती तीन महिने केली. म्हणजे उशीर कमी करण्याऐवजी उशिरालाच नियमात बसवले. हे अन्यायाचे आहे. मंठा किंवा जाफराबादहून जालन्याला यायचे तर सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, आणि डॉक्टर रजेवर असले की सारे पुन्हा पहिल्यापासून.

बनावट प्रमाणपत्रे रोखायची तर घाई नको, असे सांगितले जाते. बनावटगिरी खरीच आहे. पण ती काटेकोर तपासणीने पकडली जाते, प्रतीक्षायादी लांबवून नव्हे. तज्ज्ञांची टंचाई हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानसिक आजार किंवा श्रवणदोष मोजायला तज्ज्ञ आणि उपकरणे लागतातच. मात्र ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आहे. तिथल्या तज्ज्ञांना ठरलेल्या वारी आठही तालुक्यांत पाठवावे. पाय कापलेल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी बोलावण्याचे कारण उरत नाही. आणि पात्र ठरलेल्याला अनुदान अर्जाच्या तारखेपासून द्यावे. विलंबाचा खर्च तिजोरीवर पडला, तर तारखाही लवकर मिळू लागतील.